बुधवारी दुपारनंतर दुकान बंद

सोमवार, २ सप्टेंबर

सगळ्यात आधी आली ती ग्लेनिस. दार उघडून पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मग पोस्टमन क्रेग, मग दातांच्या डॉक्टरकडची ती उंच मुलगी, मग एक गृहस्थ कुत्र्यासकट. अकरा वाजेपर्यंत चार माणसं. कुत्रा धरला तर पाच. आणि माझा मुलगा एड्रियन म्हणतो, लोकरीच्या दुकानात आता चिटपाखरू फिरकत नाही.

काल फोनवर तेच चाललं होतं. दुकानाचा आणि वरच्या माझ्या दोन खोल्यांचा भाडेकरार या महिनाअखेर संपतोय. एड्रियन म्हणाला, "आई, महिनाभर बघू. खरोखर माणसं येत असतील तर मी करार पुढे चालू करून देतो, एक अक्षर बोलणार नाही. नाहीतर तू इकडे यायचंस." इकडे म्हणजे त्याच्या गावी, गाडीने अडीच तास. तिथे म्हाताऱ्यांसाठी खोल्या बांधल्यात. प्रत्येक खोलीत एक दोरी लोंबते, ओढली की कुणीतरी येतं. मी म्हटलं, माझ्याकडे दोरी न ओढता माणसं येतात.

म्हणून ही वही. आलेल्या माणसागणिक एक रेघ. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, पण रेघा मारायला शाळा लागत नाही.

ग्लेनिस तिचं पार्सल न्यायला आली होती. सगळेच त्यासाठी आले होते म्हणा. दिवसा गल्लीत कुणी घरी नसतं, म्हणून क्रेग सगळ्यांची पार्सलं माझ्या काउंटरमागे ठेवतो. पण आलेलं माणूस ते आलेलं माणूस. त्याने काय नेलं हा त्याचा प्रश्न. ग्लेनिसचं पार्सल भलं मोठं आणि मऊ. मी दाबून पाहिलं. उशा असणार. मान दुखते तिची.

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज विणकाम मंडळाचा दिवस. पूर्वी मंगळवारी सगळ्या माझ्या मागच्या खोलीत बसायच्या. एप्रिलपासून समोरच्या नव्या कॉफीच्या दुकानात बसतात. तिथे संडास तळमजल्यावर आहे, माझ्याकडे चौदा पायऱ्या. मीच म्हटलं होतं, जा बायांनो, तेवढाच बदल. खरं म्हणजे त्या निघाल्यावर म्हटलं, पण म्हटलं. थंडी पडली की येतील परत.

काचेतून ग्लेनिसने हात केला. मीही केला. तिच्या सुयांवर हिरवट निळं काहीतरी होतं. तो रंग मी कधी ठेवला नाही. जुनी लोकर काढली असेल. पन्नास वर्षांच्या ओळखीत या बाईने एक बटण टाकून दिलेलं मला आठवत नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पाऊस. रेघा दोन. क्रेग सकाळी आला आणि छत्री विसरली म्हणून परत आला, तो दोनदा धरला.

सोमवार, ९ सप्टेंबर

टॅमसिनचा फोन. माझी नात, एड्रियनची धाकटी, चोवीस वर्षांची. आपणहून केला, वाढदिवस नसताना. "आजी, तुझ्या दुकानात ते लाकडी खण आहेत ना, लोकरीचे, ते किती आहेत गं?" मी म्हटलं, बहात्तर. "ओकचे आहेत?" म्हटलं, ओकचेच, मिस पार्जिटरच्या वडिलांनी करून घेतलेले. मिस पार्जिटर म्हणजे दुकानाच्या आधीच्या मालकीण, त्यांनीच मला पंधरा वर्षांची असताना ठेवून घेतलं. टॅमसिन म्हणाली, "फोटो पाठवशील?" मी म्हटलं, माझ्या फोनला ते येत नाही. म्हणाली, "मग मीच येते."

बघा म्हणजे. पोर तान्ही होती तेव्हा तिला पांढऱ्या लोकरीच्या खणात निजवलं होतं मी. रेग, माझा नवरा, म्हणाला होता, चुकून विकशील. लोकर अंगात मुरली ती तेव्हाच. आता दुकान चालवायचं तिच्या मनात आहे आणि बापाला सांगायला घाबरते. मी कुणाला बोलणार नाही. करार तिच्याच नावाने करू. वरची मागची खोली तिला. तिला संत्र्याचा मुरंबा आवडतो.

ठराव: दोनपैकी एका खोलीला रंग. मुरंबा आणणे. गुडघ्याला तेल.

शनिवार, १४ सप्टेंबर

ग्लेनिस आली, हातात पार्सलाची चिठ्ठी. जाता जाता म्हणाली, "अगं एनिड, ऐकलंस का, अठरा तारखेला बस येतेय. बेचाळीस बायका. आमच्या टोप्या बघायला."

टोप्या म्हणजे गावातल्या लाल पत्रपेट्यांना मंडळाने विणून घातलेल्या. एकीवर सुगीची टोपली, एकीवर साळिंदर, चर्चपाशी पाद्रीबुवा, सर्दीच्या लाल नाकासकट. माझ्या दारातल्या पेटीवर मेंढी आहे. मला विचारलं असतं तर मेंढीचे पाय आखूड केले असते.

"बेचाळीस," ग्लेनिस म्हणाली, "आणि सगळ्या विणणाऱ्या. लांबून येतायत, रिकाम्या हातांनी जाणार आहेत का? दोनच्या सुमारास तुझ्या दारात उतरतील. तू फक्त उघडं ठेव."

मला राग आला. त्रेसष्ट सालापासून उघडंच तर ठेवतेय.

पण रात्री हिशोब मांडला. एका दिवसात बेचाळीस रेघा. एड्रियनची वाचा बसेल. ठराव: शोकेस रिकामी करून नवी मांडणे. बाळाचं पिवळं झबलं पुढे. बिस्किटांचे सहा पुडे. केस सेट करणे.

मंगळवार, १७ सप्टेंबर

केस सेट झाले. शोकेस अशी झालीय की मीच रस्त्यापलीकडे जाऊन तीनदा पाहून आले. परत आत येतानाची रेघ मारली नाही. तेवढा प्रामाणिकपणा आहे.

बुधवार, १८ सप्टेंबर, सकाळी ८

आज बुधवार आहे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

क्रेगने पार्सलं ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं काकू?" म्हटलं, बुधवार. तो म्हणाला, "मग आजच्या दिवस उघडं ठेवा की. बुधवारची अर्धी सुट्टी पाळणारं सबंध गावात आता तुमचंच एक दुकान उरलंय."

हेच तर. या गावात बुधवारी एक वाजता दुकानं बंद व्हायची. खाटीक, लोखंडवाला, बँकसुद्धा. मग एकेकाने सोडलं. मी सोडलं नाही. मिस पार्जिटर म्हणायच्या, "एनिड, गिऱ्हाइकाला आपली सवय लागली पाहिजे, आपल्याला गिऱ्हाइकाची नाही." रेगसुद्धा बुधवारी दुपारीच गेला, दुकानाला अडचण न होता. समजूतदार माणूस.

आणि ज्या बायका पत्रपेटीच्या टोप्या बघायला बसने येतात त्या जुन्या वळणाच्याच असणार. त्यांना बुधवार ठाऊक असेल. साडेबारालाच येतील.

दुपारी १

पाटी फिरवली.

दुपारी ३.३०

अडीचला बस आली. मी वर होते, पडद्यामागे. अगदी बेचाळीस, मी मोजल्या. पांढरी डोकी, सगळ्यांच्या हातात कापडी पिशव्या. मेंढीचे फोटो काढले, मग माझ्या शोकेसचे. एकीने काचेला नाक लावलं, म्हणाली, "अगं ते झबलं बघा." दुसरीने दार ढकललं. मग ठोठावलं. मी कप हातात धरून बसले. खाली उतरायला चौदा पायऱ्या, पण त्यासाठी नव्हे. नियम एकदा मोडला की तो नियम राहत नाही.

तिने पुन्हा ठोठावलं. "आतमध्ये दिवा आहे," म्हणाली. मी दिवा मालवला.

पंधरा मिनिटं होत्या. मग सगळ्या समोर कॉफी प्यायला गेल्या.

एवढ्या बायकांना आत यावंसं वाटलं, ही काय लहान गोष्ट आहे? रेघा मारू की नको याचा विचार करतेय. दारापर्यंत तर आल्याच होत्या.

गुरुवार, १९ सप्टेंबर

ग्लेनिस आली. आज पार्सल नव्हतं तरी आली. बसली नाही.

"वर होतीस ना?"

म्हटलं, बुधवार होता.

"तुझा बुधवार घाल चुलीत," म्हणाली. "मी सहल काढणाऱ्या बाईला फोन करून करून ती बस आणवली. त्यांना पूर्वेकडच्या गावाला जायचं होतं. टोप्या काय, कुठेही आहेत. मी सांगितलं, आमच्याकडे एक लोकरीचं दुकान आहे, असं आता कुठे उरलं नाही." मग म्हणाली, "एनिड, तुला दुकान हवंय की बुधवार?"

मी तिला बिस्किटांचा पुडा दिला.

पुडा हातात धरून म्हणाली, "मी एड्रियनशी बोलले तर रागावशील?" म्हटलं, बोल की. बेचाळीस बायका त्यालाही कळू देत.

ती आपली लोकर कुठून आणते ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. उशा एवढ्या कुणाला लागत नाहीत.

शनिवार, २१ सप्टेंबर, सकाळी

टॅमसिन येतेय, एड्रियनही. दोघं एकदम. दुकानात दोघं शेवटचे आले होते रेग गेला तेव्हा. मुरंबा काढून ठेवला. रंगाचं राहिलं, पण खिडकी पुसली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५

टॅमसिन किती उंच झालीय. आली तशी खणांकडेच गेली. एकेक ओढून बघितला, हात फिरवला, वास घेतला. मला म्हणाली, "आजी, किती सुंदर आहेत गं." मी म्हटलं, तुझेच आहेत. तिने बापाकडे पाहिलं. मग मोजपट्टी काढली.

मी एड्रियनपुढे वही ठेवली. एकसष्ट रेघा, बस न धरता. त्याने सगळ्या पाहिल्या, बोटाने, लहानपणी वाचायचा तशा. "आई, यातल्या लोकर घ्यायला किती आल्या?" म्हटलं, दुकान असं मोजत नाहीत. "सांग ना." म्हटलं, एक बाई आली होती, तिला सुतळी हवी होती.

तो मिस पार्जिटरच्या स्टुलावर बसला. चिडला नाही. चिडला असता तर मला बोलता आलं असतं. म्हणाला, "ग्लेनिसमावशी फोनवर रडत होत्या."

टॅमसिन माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या मैत्रिणीचं जुन्या सामानाचं दुकान आहे म्हणे, शहरात. खण तिथे ठेवतील, लोक घरात शोभेला घेतात. "सगळे नाही आजी. एक तुझ्या नव्या खोलीत ठेवू, तुला हवा तो निवड." म्हणजे तिला दुकान नको होतं. मी म्हटलं, ठीक. म्हटलं, मुरंबा खा. तिने आता साखर सोडलीय.

नवी खोली त्यांच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. मी विचारलं, मग तुम्ही रोज याल. एड्रियन म्हणाला, "जमेल तसं, आई."

रविवार, २२ सप्टेंबर

चर्चला गेले. ग्लेनिस शेजारी येऊन बसली. तिने प्रार्थनेचं पुस्तक माझ्यासमोर धरलं, माझा चष्मा घरी राहिला होता.

दुपारी खण रिकामे करायला घेतले. नऊ झाले. लोकर काढली की आत नुसतं लाकूड.

टॅमसिनचा फोन आला. ते दोघं परत येतायत, पुढच्या शनिवारीच. पंधरा दिवसांत दोनदा, असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, सामान चढवून झालं की निवांत बसा, मी मांस भाजते, बटाटे करते. ती म्हणाली, आजी, व्हॅन भाड्याची आहे, दोनला परत द्यायची आहे.

शनिवार, २८ सप्टेंबर. सकाळी साडेनऊला येतील. साडेअकरापर्यंत आहेत.