हरकत नसल्यास मंजूर

२ मार्च, सोमवार, सकाळी ८
आज सगळ्यांना जाणाऱ्या मेलिंग लिस्टवर सूचना पाठवली. बदल मोठा आहे: 'काउत्स'मध्ये डिस्कची नावं जुन्या पद्धतीऐवजी माझ्या पद्धतीने ठेवली जाणार. आम्ही जगभरचे साठ हौशी लोक मिळून ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टम लिहितो, तेव्हा आधी कळवणं हे कर्तव्य. मेल चौदा पानी. अपडेट करण्यापूर्वी एका फाइलमधली एक ओळ बदलायची, नाहीतर मशीन सुरू होणार नाही, हे अकराव्या पानावर आहे. आधी पार्श्वभूमी नको का?
नियम माझाच, २०१७ चा: तीन आठवडे कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर.

२ मार्च, ८.०४
लगेच उत्तर! 'आपली मेल जतन करण्यात आली आहे.' अकरा वर्षांत माझं लिखाण कुणी जतन केलं नव्हतं. मान वाढतोय.

५ मार्च
शांतता. लोक विचार करतायत.
गुद्रुनच्या मेल 'सवडीने' नावाच्या फोल्डरमध्ये जानेवारीपासून साचल्या आहेत. काउत्सची नवी आवृत्ती बाहेर काढायचं काम ती सांभाळते. तिच्या मेल तीन ओळींच्या. तीन ओळींत काय असणार?

१० मार्च
अंगाला साबण, डोक्याला साबण, आणि नळ कोरडा. टॉवेल गुंडाळून खालच्या श्लेकरबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, पाणी बंद राहणार ही चिठ्ठी तीन दिवस तुमच्या दारावर नाकासमोर लटकतेय, आणि तिच्या शेजारी जिना झाडायच्या पाळीची पाटीही, तीही वाचा. मी सांगितलं, इतक्या थोडक्यात लिहिलं तर कोण गांभीर्याने घेणार? बाईंनी दार लावून घेतलं. ट्युबिंगेनमध्ये शिष्टाचार उरला नाही.

१६ मार्च
आठवणीची मेल पाठवली. सतरा पानं, नवा आलेख जोडून. पुन्हा 'जतन'. हरकत नाही.
निश्चय: पुढच्या वर्षी सूचना कशी लिहावी यावर व्याख्यान द्यायचं.

२३ मार्च, दुपारी २
तीन आठवडे पूर्ण. हरकती शून्य. प्रकल्पाच्या इतिहासात इतकं एकमत झालेलं नाही. मागच्या वेळी आमच्या बोधचिन्हातल्या घुबडाच्या शेपटीवरून दोघांनी प्रकल्प सोडला होता. बदल कोडमध्ये टाकला. स्वतःला केकचा तुकडा.

२४ मार्च, सकाळी ११
गुद्रुनचा फोन. ती फोन कधीच करत नाही. अभिनंदनासाठी असावा म्हणून आवाज जरा नम्र केला.
म्हणाली, फोल्कमार, अरे काय करून ठेवलंस? माझ्यासकट एक्केचाळीस जणांची मशीन सकाळपासून बंद पडलीत, सांगायला तोंड नव्हतं का तुला? मी म्हटलं, एकतीस पानं सांगितलं की. कुठे, म्हणाली. लिस्टवर, म्हटलं. कुठल्या?
नेहमीच्या, म्हटलं. त्यावर ती हसली, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

२४ मार्च, १२
'सवडीने' उघडलं. गुद्रुन, १२ जानेवारी: जुनी मेलिंग लिस्ट २८ फेब्रुवारीला बंद. त्यानंतर तिथे आलेलं फक्त जतन होईल, कुणाला जाणार नाही. सगळ्यांनी नव्या लिस्टवर नाव घाला.
इतकी महत्त्वाची गोष्ट तीन ओळींत? चूक तिची आहे.

२५ मार्च
बदल मागे घेतला. म्हणजे गुद्रुनने घेतला. मशीन कशी सुरू करायची याच्या दोन ओळी तिने नव्या लिस्टवर टाकल्या, दहा मिनिटांत सगळ्यांची मशीन सुरू. माफी मागावी असं अनेकांचं मत. मी दुखावलो आहे.

२६ मार्च, सकाळी ९
माझी किंमत कळायलाच हवी. नव्या लिस्टवर नाव घातलं, चारदा तपासलं, आणि मेल टाकली: 'मी काउत्स सोडतो आहे. तीन आठवड्यांत कुणाची हरकत आली नाही तर पक्कं समजावं.' बस. आता हरकतींचा पूर येईल. नको नको म्हणत शेवटी राहीन.

२ एप्रिल
शांतता. लोक शब्द जुळवतायत.

७ एप्रिल
एक उत्तर! ओस्लोच्या तोरब्यर्नचं. लिहितो, वाः फोल्कमार, किती सुटसुटीत सूचना, एका नजरेत कळलं, सगळ्यांनी असंच लिहावं. खाली बाराजणांचं अनुमोदन.
यात हरकत दडलेली आहे. शोधतोय.

१४ एप्रिल
लिस्ट बंद तर नाही ना पडली? नाही. घुबडाच्या शेपटीवर त्रेपन्न मेल आल्यात.
अकरा वर्षं. डिस्कचा निम्मा कोड माझा. मला जायचं नाहीये.
उद्या स्वतःच हरकत घेऊ.

१५ एप्रिल
हरकत लिहायला बसलो. पार्श्वभूमीच सहा पानं झाली. उरलेलं उद्या.

१६ एप्रिल, गुरुवार, सकाळी ९.०१
गुद्रुनची मेल. तीन ओळी. सगळ्या वाचल्या.
हरकत आली नाही. तुझ्याच नियमानुसार राजीनामा मंजूर. अकरा वर्षांसाठी मनापासून आभार.

१६ एप्रिल, १०
दारावर पाटी आहे. या आठवड्यात जिना माझा. वाचली. झाडू कुठे असतो ते श्लेकरबाईंना विचारायला हवं.