घड्याळ लेकीच्या हाती

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाचा हॉल चालवणे, देवाला स्मरून व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. उद्या माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, पण नजर चुकवतात. म्हणून आजच.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस. हॉल वाचवण्यासाठी तिने यातले काही मोडू नये, दीर रडला तरी.

२. हॉलमधील माझा अर्धा हिस्सा मुलीस. उरलेला अर्धा धाकट्या भावाचा आहेच. स्पर्धा मात्र मुलगीच चालवील. कारण असे की हॉल स्पर्धांवर जगतो, आणि रेंगाळणाऱ्या खेळाला कंटाळून खेळाडू येईनासे झालेत. सर्वांत संथ आमचा भाऊच. एका चेंडूसाठी टेबलाला प्रदक्षिणा घालतो, स्टिकला खडू लावतो, वाकतो, पुन्हा उभा राहतो. गेल्या स्पर्धेत मुलीने आधी ताकीद दिली, मग नियमाप्रमाणे त्याला व समोरच्या खेळाडूला, दोघांनाही दर फटक्यासाठी घड्याळ लावले.

"काल फ्रॉक घालून फिरत होतीस, आता काकाला वेळ शिकवतेस?"

"काका, दहा सेकंद राहिले."

त्याने घड्याळाचे तोंड भिंतीकडे फिरवले. समोरचा खेळाडू स्टिक पिशवीत घालून निघून गेला. त्याच्यामागे बरेच जण.

३. म्हणून अट: घड्याळ सर्वांना, मालकालाही. जादा वेळ एका गेममध्ये एकदाच. वेळ संपली की फाऊल. बाळ, आवाज मात्र चढवू नकोस. वेळ देवाची, आपण नुसती मोजायची.

४. माझी स्टिक भावास. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

५. वकील म्हणतात, भावाच्या मान्यतेशिवाय अट तीन त्याच्यावर बंधनकारक नाही. त्याने मोडता घातला तर वर्षभरात हॉलला कुलूप लागेल आणि पोरीच्या पदरात विरलेल्या कापडाची टेबले पडतील. म्हणून त्याला समोर बसवले आहे.

"दादा, तू बरा होऊन ये, मग निवांत बघू."

"आणि नाही आलो तर?"

"अरे, विचार तर करू देशील?"

पेन त्याच्या हातात आहे. बाबा रे, मी हात जोडतो.

ठिकाण: हॉल, गल्ल्यामागची खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस
लिहून देणार: (सही)
साक्षीदार: टेबलांचे कापड बदलणारा कारागीर (सही), शेजारचा चष्मेवाला (सही)
भावाची मान्यता: जागा सोडली आहे. दवाखान्यात न्यायला गाडी आली, मी निघतो.