तेओदुलोची निवडणूक

सान बेलार्मिनो, गुरुवार

ती. शकूअक्कास दिनकरचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही धडधाकट आहोत, म्हणजे शरीराने. (मनाचं विचारू नकोस.)

तिकडचं राजकारण कसं आहे, असं तू विचारलंयस. अक्का, फिलिपीन्समध्ये सव्वीस वर्षं काढली, तरी हा प्रश्न आला की मी आधी उठून पाणी पिऊन येतो. आमच्या मेयरच्या मुदती कायद्याने संपल्या, म्हणून यंदा त्यांची बायको मेयरपदाला उभी राहिली आणि ते स्वतः उपमेयरपदाला. (धाकटी सून नगरसेवक. घरातला कुत्रा तेवढा अजून बिनपदाचा आहे.)

त्यांच्यासमोर उभा कोण राहिला, तर आमच्याकडेच राहणारा माझा मेहुणा, मिलाग्रोसचा थोरला भाऊ तेओदुलो. एकोणीस वर्षं हा माणूस रोज सकाळी सहाला गावच्या रेडिओवरून विचारायचा, शाळेला छप्पर का नाही, तीनदा उद्घाटन होऊनही पूल का नाही. ऐकणारे फोन करून म्हणायचे, "तेओ, तूच उभा राहा!" भोळा बिचारा, राहिला. आमच्या अंगणात अख्खं गाव शेवया खाऊन गेलं. शेवटच्या सभेत तेओ पुलाच्या सिमेंटवर पावणेदोन तास बोलला. पलीकडच्या मैदानात मेयरीणबाईंनी चार प्रेमगीतं म्हटली. (गळा चांगला आहे गं, तेच तर दुर्दैव. आमची माणसं तिकडे जाताना खुर्च्यासुद्धा घेऊन गेली.)

अकरा हजारांत तेओला दोनशे बारा मतं पडली. दुसऱ्या दिवशी शेजारची पासिंगआजी तांदळाचा केक घेऊन रडत आली.

"फार वाईट झालं रे, तेओ."

"आजी, तुम्ही मत कुणाला दिलंत?"

"मेयरीणबाईंना. आमच्या ह्यांच्या मयताला ती तीन दिवस येऊन बसली होती. तू कुठे होतास? रेडिओवर! पण तू पडलास तर मला घास गिळेना, बघ."

तेओने केक खाल्ला. करणार काय?

आता रेडिओच्या मालकांनी त्याला 'विश्रांती' दिली आहे आणि सहाला मेयरीणबाईंची गाणी लागतात. तेओ मात्र ठरल्या वेळी उठतो, आंघोळ करून स्वयंपाकघरात बसतो आणि आम्हा दोघांना बातम्या सांगतो. हवामानासकट. मिलाग्रोस भात परतता परतता "हो का?" म्हणते आणि पाठ फिरवून डोळे पुसते.

भाऊजींना नमस्कार, मुलांना खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
दिनू

ता. क. लिहायचं होतं ते राहिलंच. हेल्मेट घातलेले दोघे मोटरसायकलवरून दोनदा फाटकाशी आले आणि तेओ किती वाजता बाहेर पडतो, ते विचारून गेले. असं कुणी विचारून गेलं की पुढे काय होतं, ते इथे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याला सहा महिने मिरजेला ठेवून घेशील? मागची खोली पुरे. तिखट सोडून सगळं खातो.

ता. क. दुसरा. तेओ नाही म्हणाला. मासळीबाजारातल्या एका बाईने त्याला कर्णा दिलाय. सोमवारपासून तो तिथे उभा राहून बोलणार. कर्ण्याची बॅटरी जड आहे, ती उचलायला मी जातोय. खोली मात्र झाडून ठेव. मिलाग्रोसला पाठवतोय. तिला अजून सांगितलेलं नाही.