सासू, सून आणि सगळ्या डोंगराला चालणाऱ्या स्की

पोदस्काला,
राखेचा बुधवार

ती. झोफ्काताईस,

ब्रेदाचा नमस्कार. साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तो मी गेल्या शनिवारी अख्ख्या गावासमोर बर्फात घालून चुकले आहे, तेव्हा सध्या साधाच गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? विन्कोची कंबर तशीच आहे, म्हणजे लाकडं फोडायची असली की दुखते आणि खाणावळीत जायचं असलं की थांबते. डुक्कर यंदा चांगलं भरलं होतं. सॉसेजेस पोचल्या असतील आणि आजपासून ईस्टरपर्यंतचा उपास लागण्यापूर्वीच तू त्या संपवल्या असतील, असं धरून चालते. आणि हो, आमच्या सुनेच्या, तादेयाच्या दातांसाठी तू मारिबोरचे जे डॉक्टर शोधून दिलेस, त्यांना माझे आभार सांग. दोन हिवाळे झाले, पोरगी एक शनिवार सोडून एक शनिवार पहाटेच्या बसने तुमच्याकडे जाते, संध्याकाळी लालबुंद गालांनी परत येते आणि ताटावरच पेंगते. किती सोसते बिचारी! मी तर आमच्या शेजारच्या मिलोयकाला सांगून ठेवलं होतं, की ही सपाटीवरची माणसं, लहानपणापासून भोपळ्याच्या बिया फोडतात, त्यांच्या दातांचं दुसरं काय होणार?

आता मूळ गोष्ट. आमचा ब्लाझ आणि तादेया सोबोत्याला, तिच्या माहेरच्या गावी राहायला जायचं म्हणताहेत. तिच्या वडिलांची तेलाची घाणी आहे, त्यांना माणूस हवंय. काय ते ईस्टरनंतर ठरवणार. म्हणजे नातही जाणार, वरची खोली रिकामी होणार आणि मी नि विन्को एकमेकांची तोंडं बघत बसणार. तुला म्हणून सांगते ताई, मला भीती वाटते. विन्कोचं तोंड मी पुष्कळ बघितलंय.

मी विचार केला, पोरीला इथे काय कमी आहे? आणि माझ्या डोक्यात आलं, स्की. आमच्या दारात शिरलं की डाव्या हाताला भिंतीवर स्की टांगायच्या खुंट्या आहेत. एक विन्कोची, एक माझी, एक ब्लाझची, आणि नात चालायला लागायच्या आधीच तिचीही ठोकून झाली. तादेयाची नाही. लग्नाला चार वर्षं झाली, तिच्या माहेरी सगळ्यात उंच जागा म्हणजे चर्चचा जिना, तेव्हा आम्हीही कधी आग्रह केला नाही. ब्लाझने पहिल्या वर्षी हौसेने तिला बूट तेवढे घेतले होते, ते माळ्यावर पडून होते. मला वाटलं, चांगल्या स्की आल्या, खुंटी आली, की पोरगी रुजेल. (विन्को म्हणाला, "अगं, ती सून आहे, सफरचंदाचं झाड नाही." पण त्याला झाडांतलंही कळत नाही.)

शिवाय उपासाआधीच्या पुस्ताच्या सणाचा शनिवार तोंडावर आला होता. तुला आठवत असेलच ती शर्यत: एकाच एप्रनचं एक टोक सासूच्या हातात, दुसरं सुनेच्या, आणि तसंच स्कीवरून वरपासून खाणावळीच्या दारापर्यंत उतरायचं. एप्रन सुटला तर बाद, फाटला तरी बाद. सासूबाई होत्या तोवर मी त्यांच्याबरोबर उतरत होते. रागाच्या भरात आम्ही फार वेगाने जायचो. गेली चार वर्षं मात्र मी आणि तादेया खाली उभ्या राहून चहा वाटतोय, आणि मिलोयका आपल्या सुनेला घेऊन आमच्यासमोरून सर्रकन जाते आणि वर म्हणते, "ब्रेदा, साखर जरा जास्त घाल गं, जिंकून दमायला होतं!"

तर स्की. आपला उतार तुला माहीत आहे. सकाळी वरचा भाग काचेसारखा कडक, मध्ये जंगलाच्या कडेला वाऱ्याने आणून टाकलेला मांडीभर भुसभुशीत बर्फ, आणि खाली उन्हाने झालेली उंचसखल लापशी. म्हणजे पाहिजे होती सगळ्या डोंगराला चालेल अशी एकच जोडी, आणि तीही बाईच्या अंगाला बेतलेली. एवढं मी खाणावळीत बोलले मात्र, गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना कंठ फुटला. पोस्टमन म्हणाला, कडक बर्फावर अरुंद स्कीच धार धरते, अरुंदच घ्या. पाद्रीबाबा म्हणाले, भुसभुशीत बर्फात अरुंद स्की बुडते, रुंद घे, ब्रेदा, रुंद तरंगते. (त्यांनी हे प्रवचनाच्या सुरात सांगितलं, त्यामुळे मी नकळत मान खाली घातली.) विन्कोचं म्हणणं, बायकांच्या स्की म्हणजे पुरुषांच्याच स्की, वर फुलं काढलेल्या. यांतल्या एकाही पुरुषाने जन्मात बाईसाठी स्की घेतलेली नाही. विन्कोने मला दिलेली जोडी त्याची जुनीच आहे; तिच्यावर तर फुलंसुद्धा नाहीत.

शेवटी दुकानवाल्या लुडविकने नीट सांगितलं. पायाखाली ना फार अरुंद ना फार रुंद, मधली घ्यायची. ती सगळीकडे थोडी थोडी चालते. पुढचं टोक जरा उचललेलं हवं, वजनाला हलकी हवी, म्हणजे दिवसभरात मांड्या भरून येत नाहीत. शिकाऊ असेल तर उंची हनुवटी-नाकापर्यंत, पटाईत असेल तर कपाळापर्यंत. आणि पडल्यावर बूट वेळेवर सुटावा म्हणून स्कीवर जी पकड असते, ती किती आवळायची हे वजनावर आणि चालवणारीच्या तयारीवर ठरतं. म्हणजे मला हव्या होत्या तीन गोष्टी, तादेयाची उंची, तिचं वजन आणि तिची तयारी, आणि तिन्ही तिला कळू न देता!

उंची सोपी होती. तिला दाराच्या चौकटीवरची जाळी काढायला लावली आणि मागून खूण केली. वजनाचं मात्र फार वाईट झालं. डुक्कर कापायच्या दिवशी अंगणात मांसाचा मोठा काटा लावला होता. मी तिला म्हटलं, "हा मागचा पाय काही काट्यावर नीट राहात नाही बघ, जरा हातात धरून तूच उभी राहा." मग पाय एकटा तोलायचा आणि वजा करायचा, असा माझा बेत. काट्याचा आकडा बघायला विन्को होता. त्याने दोघांचा मिळून आकडा वाचला, तो असा की पलीकडच्या अंगणातल्या मिलोयकाने मान वर केली. मग त्याने पाय तोलला, आणि मनातल्या मनात करायची वजाबाकी ओरडून केली. सगळ्यांनी ऐकली. तादेयाने पाय परातीत ठेवला, हात पुसले आणि आत गेली. रात्री तिने सॉसेजला हात लावला नाही, आणि माझ्याशी बोलणं "मीठ द्या"च्या पुढे गेलं नाही. मला सारखं वाटत होतं, झालं, आता ईस्टरचीही वाट बघायची गरज नाही.

उरली तयारी. माळ्यावरचे बूट घेऊन मी दुकानात गेले. लुडविकने ते उलटे करून बघितले आणि म्हणाला, "कधी न घातलेल्या बुटांच्या टाचा बऱ्याच झिजल्यात." मी म्हटलं, उंदीर असतील. मग त्याने विचारलं, "सूनबाई स्कीवर कशी आहे? शिकाऊच ना?" आणि ताई, नेमकी त्याच वेळी मिलोयका शेजारच्या टेबलावर आपल्या स्कीला मेण लावून घेत होती. या गावात शिकाऊ हा शब्द तोंडात चोखणी असलेल्या पोरांसाठी आहे. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "छे! पटाईत आहे. सगळीकडे जाते." मिलोयकाचं मेण खाली पडलं. लुडविकने भुवया वर केल्या, पण माल खपत असेल तिथे तो फार प्रश्न विचारत नाही. त्याने कपाळापर्यंतची, फळीसारखी ताठ जोडी काढली आणि पकड अशी आवळली, की पोरीची तंगडी तुटेल पण बूट सुटणार नाही.

घरी येईपर्यंत मला घाम फुटला. परत जावं तर मिलोयका अजून तिथेच. रविवारी जेवणानंतर चादरीत गुंडाळलेली जोडी मी तादेयासमोर ठेवली. तिने चादर काढली, एक स्की उभी धरली, मध्यावर तळहात ठेवून जरा वाकवून बघितली आणि विचारलं, "आई, तुम्ही लुडविकना मी कशी आहे म्हणून सांगितलंत?" मी खालमानेने म्हटलं, "पटाईत." तिने स्की परत चादरीवर ठेवली. मग अंगणातल्या त्या प्रकारानंतर पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, दात दुखतोय.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच जोडी घेऊन दुकानात गेली, मी तिच्या मागोमाग, आणि तिथे (मिलोयका होतीच, तिचं मेण कधी संपत नाही) सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या सासूबाईंनी माझं जरा जास्तच कौतुक केलं. मी मध्यम आहे. नाकापर्यंतची द्या, मऊ, पायाखाली मधली, आणि पकड सैल करा." आणि वजन? तेही तिने आपण होऊन सांगितलं. म्हणाली, गावाला माहीतच आहे. मी विचारलं, "तुला गं हे सगळं कोणी शिकवलं?" तर म्हणे, "दाताच्या डॉक्टरांनी." मी कपाळावर हात मारला. या देशातला दाताचा डॉक्टरसुद्धा स्कीवर सल्ला दिल्यावाचून राहात नाही!

मग शनिवार उजाडला. वर घंटा वाजली. मी एप्रनचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि तिला म्हटलं, "घाबरू नकोस, मी ओढीन." वरच्या काचेवर ठीक चाललं होतं, फक्त ओढत मी नव्हते. ती पुढे, गुडघे वाकवून, अगदी शांत, आणि मी मागून एप्रनला लोंबकळत. जंगलाच्या कडेला तिच्या स्की भुसभुशीत बर्फावर वर आल्या. माझ्या पायातल्या विन्कोच्या त्या जुन्या अरुंद स्की सरळ खाली गेल्या आणि मी सर्वांगाने आडवी झाले. नमस्कार तो हाच. मिलोयका आणि तिची सून बाजूने सुळकन निघून गेल्या. पण तादेया थांबली होती. एप्रन ताणलेला, आणि दुसरं टोक तिच्या मुठीत. मी तोंडातला बर्फ थुंकत म्हटलं, "सोड गं, तू तरी पोच." ती म्हणाली, "सोडला तर बाद ना, आई?" आणि बाजूने वर येऊन तिने मला उपसून काढलं.

तिथेच बसल्या बसल्या मी विचारलं, एवढं सगळं शिकलीस ती इथे राहायचं म्हणून ना? खोटं बोलायला तिला येत नाही, तो आमच्या घरचा गुण आहे. ती म्हणाली, "नाही आई. जायचं झालं तर जमलं नाही म्हणून गेली, असं कोणी म्हणायला नको, म्हणून शिकले." मी बाहीतला बर्फ झटकत बसले. बोलले असते तर रडले असते, आणि खालून विन्को दुर्बिणीतून बघत होता. आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो. एप्रन सुटला नाही आणि फाटलाही नाही. खाणावळीच्या दारात तिने तो झटकला आणि मला बांधला, मागची गाठसुद्धा मारली. मग मी तशीच चहा वाटायला गेले.

असो. सगळं कुशल आहे. विन्कोने भिंतीवर खुंटी ठोकली, वाकडी. माझी काही तक्रार नाही आणि काही मागणंही नाही. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी,
ब्रेदा

ता.क. मारिबोरात एवढ्या वर्षांत तुझा एकही दात कोणा डॉक्टरने बघितलेला नाही, हे मला लिहिता लिहिता आठवलं. तिथल्या पोहोरये डोंगराच्या उतारावर दोन हिवाळे माझ्या सुनेला शिकवत होतीस आणि मला नाताळात पत्र पाठवतेस, "तादेयाची दाढ सुधारतेय"! सख्खी बहीण ना तू माझी? मी आठवडाभर तुझ्याशी बोलणार नाही. बरं केलंस.

ता.क. २. खरं मागणं आता लिहिते, वर धीर झाला नाही. ताई, तिला सगळं शिकवून टाकू नकोस. खोल बर्फातलं काहीतरी मागे ठेव. गुडघ्याचं कारण सांग, धुक्याचं सांग, काहीही सांग, पण एखादी अक्कलदाढ पुढच्या हिवाळ्यासाठी राहू दे.

ता.क. ३. झोफ्कामावशी, मी तादेया. पाकिटाला तिकीट लावायचं काम माझ्याकडे आलं आणि पाकीट उघडं होतं, म्हणून वाचलं. खोल बर्फातलं तुम्ही मला गेल्याच महिन्यात शिकवलंत, हे आईंना सांगू नका. पुढचा हिवाळा आईंना शिकवण्यात जाणार आहे, तोवर मी कुठे जात नाही; ब्लाझला सांगून झालंय, घाणीसाठी बाबा दुसरा माणूस बघतील. या शनिवारी आम्ही दोघी तुमच्याकडे येतोय. आईंच्या मापाच्या, सगळ्या डोंगराला चालतील अशा स्की बघून ठेवा, नाकापर्यंतच्या. तयारी: शिकाऊ. वजन त्या सांगत नाहीत. पण मांसाचा काटा अजून अंगणातच आहे, आणि आज मी त्यांना मागचा पाय जरा हातात धरायला सांगणार आहे.