मातीखालच्या रासबेरी

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१४ सप्टेंबर २००८

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि वाळवलेल्या रासबेरींची पुडी, दोन्ही पोचलं. पुडीवर आभाने ताबा मिळवला. इथल्या सुपरमार्केटात एवढीशी डबी अठरा दिरहमला मिळते, म्हणजे सव्वादोनशे रुपये झाले, असं मी तिला सांगितलं. त्यावर तिने इंग्रजीत सुनावलं की आजोबांच्या फळाला आईने प्राइस टॅग लावू नये. नऊ वर्षांची आहे, पण उत्तरं तयार असतात.

आता मुद्द्याचं. पुण्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला माझ्यादेखत सांगितलंय की हृदयाचा आकार वाढलाय आणि या वयात एवढ्या उंचीवर हिवाळा काढायचा नाही. तुम्ही मान डोलावली होती. ती मान तुम्ही पाहुण्यांनी बेसनाचा लाडू पुढे केल्यावर डोलावता तशी होती, हे मला तेव्हाच कळलं. सासूबाई असत्या तर तुमची लेहला परत जायची छाती झाली नसती. निवृत्तीनंतर माणसं बागेत फिरायला जातात, तुम्ही बाग करायला थेट लडाखमध्ये जाऊन बसलात. असो. नोव्हेंबरच्या शेवटी तुम्ही इथे यायचं, मार्चपर्यंत राहायचं. सुजीत म्हणतो की व्हिसाचं एका आठवड्याचं काम आहे, यल्ला, म्हणजे चला, तारीख कळवा. त्याच्या कंपनीने तिसऱ्या टॉवरचा पाया घेतलाय, त्यामुळे तो सहाला जातो तो रात्रीच उगवतो. पण तुम्ही येणार म्हटल्यावर त्याने मधल्या खोलीतलं कपाट स्वतः आवरलं. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्यासाठी कधी आवरलं नाही.

जूनमध्ये त्याने तुमच्याकडून ओल्या मोज्यात गुंडाळून आणलेलं रासबेरीचं रोप बाल्कनीत आहे. पानं करपलीत, काठी हिरवी आहे.

थंडीच्या आत खाली उतरा, बाबा. या बाबतीत मी थट्टा करत नाहीये.

तुमची माया आमच्यावर आहेच, ती इथे येऊन करा एवढीच विनंती.
तुमची
वैभवी

---

निमू, लेह
६ ऑक्टोबर २००८

चि. सौ. वैभवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे समन्सच. येतो. नोव्हेंबरच्या अखेरीला लेहहून दिल्ली आणि तिथून तुमच्याकडे. सुजीतला व्हिसाचं बघायला सांग.

मात्र त्याआधी रासबेरी झोपवल्याशिवाय मला हलता येत नाही, आणि ते का, हे तुला एकदा नीट सांगतो, म्हणजे सासरा हट्टी आहे असं तू चारचौघांत सांगणार नाहीस. रासबेरीची काठी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. फळून गेलेल्या काठ्या कापून टाकायच्या. यंदाच्या कोवळ्या काठ्या मात्र हळूच वाकवून जमिनीला टेकवायच्या आणि वर वीतभर माती ओढायची. लोकांना वाटतं की हे थंडीपासून वाचवायला. थंडी ती सोसते गं. इथे बर्फ थोडा पडतो, पण ऊन लखलखीत आणि वारा कोरडा. मुळं गोठलेली असतात, त्यांना पाणी ओढता येत नाही, आणि वारा वरून काठी सुकवत राहतो. उभी राहिलेली काठी वसंतापर्यंत सरपण होते. करंट आणि गूजबेरीची झुडपं चिवट, त्यांचं काही करावं लागत नाही. लाड हिचेच.

आठ ओळींपैकी पाच झाल्या. जमीन गोठायच्या आत उरलेल्या तीन करायच्या. पूर्वी एका सकाळी दोन ओळी व्हायच्या, आता प्रत्येक ओळीच्या टोकाला जरा बसतो. सिंधूचं पाणी या दिवसांत इतकं निळं असतं की बसण्यात तोटा नाही. शेजारच्या शहनाझबाई, इथल्या शाळेत शिकवतात त्या, कुंपणापलीकडून मला फावडं ठेवा म्हणून दटावतात. तुझ्याच जातकुळीतल्या.

गावचा फोन पुन्हा मेला आहे आणि तुमचे मोबाइल इथे चालत नाहीत, तेव्हा पत्रच टाक.

आभाला पापा. तुम्हा तिघांना या म्हाताऱ्याचे भरपूर आशीर्वाद.
सदानंद

---

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
९ नोव्हेंबर २००८

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. सगळे खुशाल आहोत. आभाची परीक्षा चांगली झाली.

एक सांगायचं म्हणजे, व्हिसाला थोडा वेळ लागतोय. सध्या नियम कडक झालेत, कंपनीकडून पगाराचा दाखला घ्यावा लागतो, आणि एचआरवाले प्रत्येक वेळी इन्शाल्ला म्हणून सोडून देतात. सुजीत साइटवर पहाटेपासून रात्रीपर्यंत अडकलेला, त्याला मागे लागायला सवड नाही. तेव्हा या महिन्यात जमेल असं दिसत नाही. मला फार वाईट वाटतंय, पण इलाज नाही.

मी अर्चनाताईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या की बाबांनी सरळ पुण्याला माझ्याकडे यावं, हिवाळाभर राहावं. भावजींनीही आग्रहाने सांगितलंय. मुलीच्या घरी चार दिवसांवर राहायचं नाही, हे तुमचं तत्त्व मला ठाऊक आहे. पण यंदा ते बाजूला ठेवा ना. मी कधी तुमच्याकडे काही मागितलं नाही.

तुमच्या रासबेरीने मात्र आमच्या घरात उच्छाद मांडलाय. तिला फळायला आधी थंडी लागते असं सुजीतने कुठेतरी वाचलं आणि कुंडी फ्रीजमध्ये नेऊन ठेवली, भाजीच्या कप्प्यात. माझी कोथिंबीर बाहेर. दिवसातून दहादा दार उघडून बघतो. गेल्या मंगळवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी आभाला घेऊन अकरालाच घरी आले, तर हा दार उघडं टाकून फ्रीजसमोर जमिनीवर बसलेला. आम्हाला बघून उठलाही नाही. मग आभाने दार लावलं.

पुण्याचं मनावर घ्या. तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

आशीर्वाद असू द्या, या वेळी जरा जास्तच.
तुमची
वैभवी

---

निमू, लेह
१ डिसेंबर २००८

चि. सौ. वैभवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. रासबेरीची काठी निजली की तिला उजेड नको, त्यामुळे फ्रीजची कल्पना वाईट नाही. माती ओलसर राहू दे, चिखल नको. त्या कप्प्यात सफरचंदं मात्र ठेवू नकोस, पिकताना त्यांतून जो वायू सुटतो त्याने डोळे मरतात. काठीचे डोळे म्हणतोय, तुझे नव्हेत.

आता दुसरं. जो माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत साइटवर असतो, तो मंगळवारी सकाळी अकराला फ्रीजसमोर कसा बसतो, हे मला कळलं नाही. किंवा कळलं. इथे रेडिओ लागतो, दुबईत काय चाललंय ते कानावर येतं. सुजीतची नोकरी गेली ना? तू खोटं लिहिलंस म्हणून रागावलो नाही. तुझं अक्षर एरवीसारखं वाटलं नाही एवढंच. त्याला मात्र मला कळलंय असं सांगू नकोस. लहानपणी सायकलवरून पडला तरी गुडघा हाताने झाकून घरी यायचा; आपण आधी बघितलं की चिडायचा. त्याचं त्याला सांगू दे.

आणि एक काम कर. त्याला माझ्याकडे पाठव. माझी तब्येत बरी नाही. चालताना दम लागतो, रात्री उशा रचून बसावं लागतं, पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतात खाली उतरा, आणि एकट्याने प्रवास करू नका. सुजीत न्यायला आला तर मी अर्चनाकडे जाईन. हिवाळाभर राहीन. तत्त्व ठेवलं बाजूला.

रासबेरीची काळजी नाही, आठही ओळी मातीखाली गेल्या.

त्याला लवकर पाठव. तुला आणि आभाला खूप आशीर्वाद.
सदानंद

---

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१६ डिसेंबर २००८

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मग तोंड धुऊन बाहेर आले. दोन महिने मी कुणाशी बोलले नव्हते. होय, गेली. ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी सत्तर जणांना बोलावलं आणि दुपारपर्यंत खलास. टॉवर अर्धाच राहिलाय, क्रेन तशाच उभ्या आहेत. मला शाळेचा पगार आहे, आम्ही उपाशी नाही. पण तो बोलत नाही, बाबा. कपडे घालून सहाला निघायचा आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचा. आता तेही थांबलं. अल कुसैसमधले त्याचे मित्र हेमचंद्र दोनदा येऊन गेले, त्यांनाही दार उघडलं नाही. मला भीती वाटते, कशाची ते लिहवत नाही.

आणि तुम्ही किती सुंदर युक्ती काढलीत. क्षणभर मीसुद्धा फसले. पण अर्चनाताईंकडे हिवाळाभर राहीन, तत्त्व बाजूला ठेवलं, इथवर वाचलं आणि म्हटलं, हे आमचे बाबा नव्हेत, हे नाटक आहे. मुलाला घराबाहेर काढायला तुम्ही सुजलेले पायसुद्धा लिहिलेत. तुमच्या पाया पडावंसं वाटलं.

युक्ती लागू पडली. बाबांना न्यायला जायचंय म्हटल्यावर तो उठला, दाढी केली, बॅग काढली. मी त्याला सांगितलं की गंभीर काही नाही, म्हातारपणचा हट्ट आहे, सोबत हवीय. उगाच घाबरायला नको. त्याची आतेबहीण आशा दिल्लीत असते, तिच्या ओळखीने तिथे दोन ठिकाणी इंटरव्ह्यू ठरलेत, तेवढे उरकूनच लेहला ये असं मीच म्हटलं. म्हणजे नाताळनंतर पोचेल. तोवर तुम्ही शहनाझबाईंच्या हातचा चहा पीत नाटक चालू ठेवा.

तुमचं ऋण मानण्याची भाषा मला येत नाही. लेकीसारखी समजून घेता, तशीच घेत राहा.
तुमची
वैभवी

---

लेह
३ जानेवारी २००९

प्रिय वैभवीस,

फोनवर मोकळं बोलता येत नाही. हॉस्पिटलचा फोन बाबांच्या खाटेपासून दहा पावलांवर आहे आणि त्यांचे कान शाबूत आहेत. म्हणून लिहितोय.

तू म्हणालीस गंभीर नाही. मीही तसंच धरून आलो. दिल्लीत एक इंटरव्ह्यू बरा झाला म्हणून आणखी दोन दिवस थांबलो, आशाबरोबर जेवायला गेलो. अठ्ठावीस तारखेला विमानतळावरून टॅक्सी करून निमूला पोचलो, तर घराला कुलूप. शेताकडे वळलो. आठ ओळी आहेत, तुला माहीत आहे. पाच मातीखाली होत्या. तीन उभ्या होत्या, वाऱ्यात एकमेकींवर आपटत. एक काठी वाकवून पाहिली तर कडकन मोडली. आत हिरवं काही नव्हतं.

वैभवी, बाबांनी लहानपणी आम्हाला तापातही शाळेत पाठवलं, आणि इथे स्वतःही ओळ अर्धी सोडून घरात आलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. आणि तुला त्यांनी आठही झाल्या असं लिहिलं होतं, तूच सांगितलंस. मी त्या काठ्यांमध्ये उभा राहिलो आणि मला कळलं की आपण चुकलो.

शहनाझबाई धावत आल्या. त्यांनी हिंदीत सांगितलं की सहाव्या ओळीला वाकले ते उठलेच नाहीत. त्यांनीच घरात नेलं. त्यानंतर बाबा फावड्याला शिवले नाहीत, आणि मुलाला कळवू नका म्हणून त्यांच्याकडून शपथ घेतली. आठवड्यापूर्वी श्वास फारच लागला तेव्हा त्यांनी जीप मिळवून लेहला आणलं. फुप्फुसांत पाणी साठलंय. डॉक्टर म्हणाले की ऑक्सिजनवर आज ठीक आहेत, पण या उंचीवर ते हृदय फार दिवस काढणार नाही, लवकर खाली न्या. मी दिल्लीत जेवत होतो त्या दिवशी ते सबंध रात्र बसून होते. तुला दोष देत नाही. मीसुद्धा घाई केली नाही.

आता ऐक. सोबत ऑक्सिजन द्यायला विमानवाले तयार होते, आणि बाबा निघायला तयार नव्हते. रोज एकच. तुझी रजा संपत आली असेल, साहेब रागावतील, तू जा, मी मागून येईन. मी म्हणायचो रजा वाढवली. ते म्हणायचे, टॉवरचा पाया घेतलाय ना, मग एवढी रजा कशी देतात. मी काहीतरी ठोकून द्यायचो. ते भिंतीकडे तोंड करायचे. तीन दिवस असंच. डॉक्टर माझ्यावर चिडले.

काल सकाळी ते पुन्हा रजेवर आले आणि माझ्याच्याने रेटवेना. मी सांगितलं. रजा नाही, साहेब नाही, ऑक्टोबरपासून नोकरीच नाही. गाडीत बसून राहायचो तेही सांगितलं. तुलासुद्धा जे बोललो नव्हतो ते बोललो, की एके दिवशी मी विमानतळाच्या पार्किंगपर्यंत गेलो होतो, चावी आत ठेवून कुठेतरी निघून जायचं म्हणून, आणि आभाचा डबा मागच्या सीटवर राहिला होता म्हणून परत आलो. हे तुला पत्रात कळतंय, माफ कर.

मला वाटलं त्यांना धक्का बसेल, नर्सला बोलवावं. त्यांना नवल वाटल्याचं दिसलंच नाही. मास्क बाजूला करून माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, तिकिटं काढ, अर्चनाला कळव. माझ्या एका वाक्यासाठी हा माणूस श्वास रोखून बसला होता असं का वाटलं, मला सांगता येत नाही. तुला ठाऊक असलं तर भेटल्यावर सांग.

उद्या सकाळच्या विमानाने निघतोय. विमानाच्या जिन्यावरून त्यांना कसं चढवायचं यावर आत्ता डॉक्टर, नर्स आणि विमानतळावरचा माणूस यांची चर्चा झाली. चाकांची खुर्ची, दोन हमाल असं काय काय ठरत होतं. बाबा सगळं ऐकत होते. शेवटी मास्क काढून त्यांनी हिंदीत सांगितलं की हमाल कशाला, माझा मुलगा उचलून नेईल, तो सध्या रिकामाच आहे.

तुझा
सुजीत