मापाचा ब्लाउज आणि डोंगरातली सायकल

आई,

मी आखलेली सायकल गेल्या महिन्यात दुकानात आली. नुंगंबाक्कमच्या आपल्या जुन्या घरापासून ते दुकान चार गल्ल्यांवर आहे, आणि काचेपलीकडे ती उभी असलेली बघायला मी दोनदा उगाचच तिकडून गेले. डोंगरात चालवायची सायकल आहे, बायकांसाठी. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, की चेन्नईत डोंगर कुठे आहे आणि कुठल्या बाईला तिथे जायचंय. पण हल्ली ऑफिसांतल्या मुली रविवारी सकाळी घोळक्याने शहराबाहेरच्या खडकाळ वाटांवर जातात, आणि सायकलीही तुझ्या वेळच्या काळ्या, जड सायकलींसारख्या राहिल्या नाहीत. सांगाडा अॅल्युमिनियमचा, ब्रेक मोटरसायकलीसारखे चकतीचे, मागे आठ गिअर, टायर रुंद आणि खडबडीत. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात स्प्रिंगा असतात, दगडांवरून जाताना हातांना दणके बसू नयेत म्हणून. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तेवढ्या काळात हे सगळं झालं.

ही सायकल आखताना मला सारखी आपली पुढची खोली आठवत होती. बाबा बँकेत गेलेत, तू मशीनवर बसली आहेस, आणि शेजारच्या मामी पिवळ्या पिशवीतून कापड आणि जुना, मापाचा ब्लाउज काढतायत. त्या गल्लीतले बाकीचे शिंपी तो जुना ब्लाउज कापडावर अंथरायचे आणि त्याच्या कडेने कापायचे. तू मात्र तो घडी करून परत पिशवीत ठेवतेस आणि गळ्यातली टेप काढतेस. वीस वर्षं मद्रासमध्ये काढूनही तुझं तमिळ धडपडतच चालायचं, पण एवढी दोन-चार वाक्यं अगदी स्वच्छ यायची: सरळ उभ्या राहा, हात वर करा, आता दारात कोलमची रांगोळी काढायला वाकता तशा वाका. वाकलेल्या अंगाचंही माप घेणारी मद्रासमधली तू एकटीच असशील. मी विचारलं तर म्हणालीस, "अंग बदलतं. जुन्या ब्लाउजला ते कुठे माहीत असतं?"

आणि तरीही मी एकदा तेच केलं. अकरावीत होते. तू डोळे तपासायला गेली होतीस, मामींना मुलीच्या साखरपुड्यासाठी घाई होती, आणि मला तुझ्यासारखी कात्री चालवून दाखवायची होती. मापाचा ब्लाउज अंथरला आणि कापून मोकळी झाले. शिवल्यावर त्याच्या बाह्या मामींच्या दंडावर चढेनात. मी कापडावर ढकललं, ते आटलं असेल म्हणाले. तू मला हाताला धरून त्यांच्या दारात नेलंस, स्वतः दोन पावलं मागे उभी राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, "जिनं कापलं तिनं सांगायचं." मी सांगितलं. मामी हसल्या, तू हसली नाहीस. घरी येऊन तू काखेत असा तुकडा जोडलास की शोधूनही सापडू नये, आणि त्याच दिवशी मला खांद्यापासून कापणं शिकवायला बसलीस. मी दोन आठवडे तुझ्याशी धड बोलले नव्हते.

आता गिंडीतल्या आमच्या सायकलींच्या कारखान्याची गोष्ट. पंधरा वर्षं मी या कारखान्यात सायकली आखते, आणि आमच्या खात्यात बाई मी एकटीच. बायकांची डोंगरी सायकल करायचं ठरलं तेव्हा ती माझ्याकडे आली. मी काय केलं असेन? पुरुषांच्या सायकलचा तयार सांगाडा कॉम्प्युटरवर घेतला आणि एका दुपारात सगळीकडून दहा टक्के लहान केला. सगळ्यांना आवडला. रंगही ठरला, जांभळट. पहिला नमुना तयार झाल्यावर त्रिशूलमच्या खडीच्या खाणीत उतारावर नेला. आमच्या स्टोअरमधली एक मुलगी वेलाचेरीहून रोज सायकलने येते, तिला चालवायला दिला. पहिल्याच वळणावर तिचा पाय पुढच्या चाकाला अडकला आणि ती पडली, कोपर सोलवटलं. उठून तिने मला विचारलं, "अक्का, ही तुम्ही कुणासाठी केलीत?" साहेब म्हणाले, वळताना जरा सांभाळून, सोमवारी साच्यांची ऑर्डर जाणार आहे. मला मात्र सगळं दिसत होतं. लांबी आखडल्यामुळे चाक पायापाशी आलं होतं, आणि पुरुषांच्या वजनाच्या स्प्रिंगा तिच्या वजनाने हलतही नव्हत्या.

सोमवारच्या बैठकीत गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. बोलले तर सायकल रद्द व्हायची, निदान माझ्या हातून जायची. माझी चूक कधी होते याची वाट बघणारे दोघं समोरच बसले होते. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आराखडा माझा आहे आणि तो चुकलाय. एकाही बाईचं माप न घेता मी तो केला." साहेबांनी किती दिवस हवेत असं विचारलं. मी सहा आठवडे मागितले, त्यांनी चार दिले.

तुझी टेप घेऊन मी पॅकिंगमधल्या, ऑफिसातल्या, आमच्या बिल्डिंगमधल्या एक्केचाळीस बायकांची मापं घेतली. उभ्या, बसलेल्या, हात पुढे करून वाकलेल्या. बोटं ब्रेकपर्यंत किती पोचतात तेही. मग चाक पायापासून लांब जावं म्हणून पुढचा चिमटा जास्त कलता केला, वरचा दांडा उतरता, पॅडलचे दांडे आखूड, स्प्रिंगा मऊ, ब्रेक बोटांजवळ. तीच मुलगी त्याच उतारावरून खाली आली, वळली, आणि कुणाला न विचारता पुन्हा वर चढायला लागली. मला इतका अभिमान वाटला, आई. माझा वाटला, आणि त्याहून जास्त तुझा.

सायकल बाजारात आणायच्या समारंभात मोठ्या साहेबांनी भरल्या हॉलमध्ये मला विचारलं, ही मापं घ्यायची पद्धत कुठे शिकलात? मी कॉलेजचं नाव सांगितलं. टाळ्या पडल्या आणि मी खाली बसले. कॉलेजात मला कुणी माणसाचं माप घ्यायला शिकवलं नव्हतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय: तू काय करायचीस असं आजवर कुणीही विचारलं, की मी सांगत आलेय, काही नाही, आई घरीच असायची.