वैष्णवीसाठी जास्तीच्या भाकरी

४ सप्टें.
परभणीत येऊन पंधरवडा झाला. खोलीत दोन कॉट. दुसरीवर कीर्ती, जिंतूरची. कानात कायम इअरफोन. "लाइट बंद करू का?" एवढंच आमचं बोलणं, तेही तिचंच.
आज सरांनी वर्गात एकेकाला उभं करून विचारलं, कॉलेजकडून काय अपेक्षा? सगळे म्हणाले नोकरी. मीही म्हणाले नोकरी. खरं तर जेवताना समोर कुणीतरी बसावं, बाकी काही नको. पण हे उभं राहून कसं सांगायचं...

५ सप्टें.
आईचा फोन. "मैतरीण झाली का न्हाई एखांदी?"
झाली म्हणाले. नाव विचारलं. सुचलं ते ठोकून दिलं, वैष्णवी. आई एवढी खूश झाली की माघार घेता येईना.

८ सप्टें.
सोनपेठच्या एसटीत डबा आला. स्टँडवर घ्यायला गेले तर कंडक्टर काका म्हणाले, "आज वजन लय हाय पोरी."
दोघींच्या भाकरी. शेंगदाण्याच्या चटणीची वेगळी पुडी, वैष्णवीची. टाकवेना. सगळं एकटीनं संपवलं. मग पोट दुखत पडले. चांगली अद्दल घडली.

१० सप्टें.
आई विचारत जाते, मी सांगत जाते. वैष्णवीला तिखट चालत नाही. वैष्णवी प्रॅक्टिकलला माझ्याच शेजारी उभी राहते. मी गप्प असले की तिला लगेच कळतं.
फार गुणी मुलगी. मलाच आवडायला लागलीय.

१२ सप्टें.
आई रविवारी येणार. "धपाटे घेऊन यायलेय. तिला बी भेटते."
ती गावी गेली म्हणून सांगणार होते. तेवढ्यात आई म्हणाली, "तुला एकटीला सोडलं म्हून झोपच लागत नव्हती बघ. आता ती हाय म्हून लागायलीय."
बरं म्हणाले.

१३ सप्टें.
दुपारी कीर्तीला सगळं सांगितलं. एका दमात. रडू आलं, आवरलंच नाही. तिनं इअरफोन काढले. वायरचं दुसरं टोक गादीवर मोकळंच पडलेलं. मोबाइल तिकडे खिडकीत चार्जिंगला.
"उद्या वैष्णवी होशील का? एक तासभर."
तिनं इअरफोन परत घातले नाहीत.

१४ सप्टें., रविवार
सकाळी नळावर कीर्तीनं विचारलं, "वैष्णवी तिखट खाती का?"
"नाही."
"मी लय खाते." बादली उचलून गेली.
येते म्हणाली नाही. येत नाही, असंही नाही. मी निघाले तेव्हा खोलीत नव्हती.
स्टँडवर बसून लिहितेय. बाकावर शेजारी ओढणी ठेवून जागा धरलीय. दोघांना नाही म्हणाले.
सोनपेठची गाडी आत वळली. खिडकीत आई, मांडीवर डबा. मी दिसले तिला. हसली, आणि आता माझ्या शेजारी बघतेय.